गावपळणीला मागे राहिलेलं घर

आबा,

एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहिली आणि एक सांगायची राहिली. विचारायची आधी विचारते, ती सोपी आहे. सांगायची शेवटी, तोवर धीर आला तर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे, तरी तुम्हाला लिहायला बसल्यावर आधी अक्षर नीट येतंय का ते कोऱ्या कागदावर बघून घेतलं. लग्न झाल्यावरसुद्धा तुम्ही माझी पत्रं ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईने दाखवून मला परत पाठवायचात, आणि ते पाकीट आमच्या घरी सगळ्यांदेखत फोडलं जायचं. हे तरी परत येणार नाही. तर विचारायचं ते असं : आपल्या त्या पहिल्या गावपळणीत, तिसऱ्या दिवशी, कळशी घेऊन तुम्ही एकटेच गावभर का हिंडलात?

परवा नातवाला गावपळण म्हणजे काय ते सांगत होते. दर तीन वर्षांनी देवाला कौल लावायचा, देवाने दिवस दिला की सगळ्या गावाने तीन दिवस गाव सोडायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी शिवेपलीकडे. तिथे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, माडाच्या झापांच्या खोपी घालून राहायचं आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन, देव हो म्हणाला तर परत यायचं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आजी, तेव्हा गावात कोण राहतं?" मी म्हटलं, कोणी नाही. पण एकदा आपण राहिलो होतो.

त्या गावात आपण आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. राज्य मुंबईचं होतं, जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग म्हणजे नुसता पाण्यातला किल्ला, त्या नावाचा जिल्हा व्हायला अजून कितीतरी वेळ होता. खाली गोव्यात फिरंगी होते. आपण साताऱ्याकडच्या कोरड्या मुलखातले, आणि एसटी घाट उतरली तेव्हा आई खिडकीतून बघत म्हणाली होती, एवढं हिरवं कशाला लागतंय माणसाला. तिने ज्वारीचं पोतं बरोबर आणलं होतं आणि ते संपेपर्यंत भाताला ती जेवण म्हणत नव्हती. माशांचा वास आला की पदर नाकाला. तुमचं मात्र वेगळं. वाटेत भेटेल तो विचारायचा, "मास्तर, तुम्ही खंयचे?" आणि तुम्ही थांबून, चष्मा वर करून, गाव, तालुका, जिल्हा, नदी असं सगळं सांगायचात. तो शेवटपर्यंत ऐकायचा आणि म्हणायचा, "म्हणजे घाटावयले." दुसऱ्या दिवशी दुसरा विचारायचा. तुम्ही पुन्हा नदीपर्यंत जायचात. मला तेव्हा वाटायचं या लोकांना विसरायची खोड आहे. आता वाटतं, ते ओळख वाढवत होते आणि तुम्ही भूगोल शिकवत होता.

दोन वर्षांनी गावपळण लागली. तुमच्या आधीचे मास्तर सडेफटिंग, ते तेवढ्यात घरी जाऊन यायचे, त्यामुळे प्रश्न कधी आलाच नव्हता. देवळाचे थोरले मानकरी दोघा-तिघांना घेऊन आपल्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात आले. त्यांचं ते पांढरं मुंडासं, खांद्यावरची घोंगडी, आणि बोलण्याआधी तंबाखू मळत वेळ काढणं मला अजून दिसतं. म्हणाले, "मास्तर, चार दिस तुमच्या गावाक जावन येवा." तुम्ही म्हणालात, शाळा सरकारी आहे, रजा मंजूर नाही, आणि खरं सांगायचं तर मला हे पटत नाही, पण तुमच्या श्रद्धेच्या आड मी येणार नाही. तुमचं ते सभ्य, सुवाच्य बोलणं! ती माणसं माडाखाली जाऊन आपसांत कुजबुजली आणि परत आली. मानकरी म्हणाले, "तुम्ही रवलात तरी चलात, मास्तर. देवाचो हुकूम गावच्या माणसांका. तुम्ही भायले." बाहेरचे, हे ते रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले, आपल्याला त्रासातून सोडवावं तसे. तुम्ही हसत स्वयंपाकघरात आलात. "सुटलो. आपल्याला देव लागू नाही." आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने वर न बघता विचारलं, "म्हंजे आपण माणसांत न्हाई व्हय?" तुम्ही हसतच होता, पण लगेच तांब्या तोंडाला लावलात.

ज्या दिवशी गाव निघालं तो मी विसरणं शक्य नाही. सकाळपासून बैलगाड्या, डोक्यावर बोचकी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कडेवर पोरं. शेजारची किरिस्तांव बाई, जी दर नाताळात आपल्याकडे नेवऱ्या पाठवायची, तीसुद्धा अंगणातल्या खुरसापुढे, त्यांच्या क्रूसापुढे, हात जोडून, दाराला कडी घालून निघाली. मी तिला विचारलं, "तुमचो देव वेगळो मां?" ती म्हणाली, "देव वेगळो, पण गाव एकच आसा गो." तेवढं बोलून ती पुढे गेली आणि मी आपल्या खळ्यात उभी राहिले. दुपारपर्यंत सगळं गाव शिवेपार झालं. आबा, गाव इतकं गप्प होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. कोंबडा नाही, विहिरीवर रहाट नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. समुद्राचा आवाज रोज असतोच, पण तो त्या दिवशी घरात येऊन बसला. आई दिवसभर भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा घासत होती.

आणि तुम्ही शाळा उघडलीत. हे मी लोकांना सांगते तेव्हा लोक हसतात, मीही हसते. बरोबर अकराला घंटा दिलीत. मी एकटी पहिल्या बाकावर. तुम्ही हजेरीपट उघडून सगळी नावं वाचलीत, प्रत्येक नावानंतर थांबलात, दाराकडे बघितलंत आणि "गैरहजर" असं लिहिलंत. माझं नाव आल्यावर मी "हजर" म्हटलं ते इतकं मोठ्याने आलं की मीच दचकले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तुम्ही पट उघडलात, पहिलं नाव वाचलंत आणि पट मिटलात. म्हणालात, "आज अर्धा दिवस. घरी जा." घंटा झाल्याला पाव तास झाला नव्हता. मी घरी आले, तुम्हीही आलात, सदरा काढलात, मोठी कळशी उचललीत आणि बाहेर पडलात.

मी मागून आले होते. हे तुम्हाला माहीत नाही. किरिस्तांव बाईच्या कुंपणाच्या पलीकडे जे घर होतं, ज्या घरचा मुलगा तुम्हाला सर्वांत जास्त छळायचा, त्या घराच्या खळ्यात तुम्ही उभे होता. तुळस तीन दिवसांत मान टाकून बसली होती. तुम्ही तिला पाणी घातलंत. नमस्कार नाही, काही नाही, गोठ्यात बादली ओतावी तसं ओतलंत. मग त्या बंद दाराकडे तोंड करून तुम्ही आपल्या साताऱ्याच्या बोलीत म्हणालात, "हाय का कोण घरात?" मी माडाच्या आड होते, मला भीती वाटली. तुम्ही उत्तराची वाट बघत थांबलात. खरंच थांबलात, आबा. मग कळशी उचलून पुढच्या घरी गेलात आणि मी पळत आईकडे आले. तुम्ही परतलात तेव्हा उन्हं उतरली होती, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि दोराने तळहात सोललेले. आईने खोबरेल लावता लावता विचारलं, "कुठं होता?" "फिरायला."  तिने तेल दोनदा लावलं.

चौथ्या दिवशी कौल मिळाला, गाव परत आलं, आणि तासाभरात एकच गलबला झाला. सगळ्या गावच्या तुळशी ओल्या! रिकाम्या गावात पाणी घातलं कोणी? एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला नेऊन दाखवलं. कुणाला शेणाच्या सारवणावर पावलं दिसली. सकाळी ती माणसाच्या मापाची होती, संध्याकाळपर्यंत हातभर झाली. किरिस्तांव बाई तर धावतच आईकडे आली, "अगो, आमच्या खुरसाकडच्या मोगऱ्याकय पाणी! तुमचो देव आमच्या खळ्यातय येवन गेलो!" तुम्ही आपल्या मागच्या अंगणात बिब्बा लागावा तसे लाललाल होऊन उभे होता. आपण घरात होतो म्हणून कुणी तुमच्याकडे संशयाने बघेल, तर तेही नाही. देव मानत नाही असं उघड सांगणारा मास्तर तुळशींना पाणी घालत हिंडेल हे कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. चमत्कार खोडून काढायची केवढी संधी होती तुम्हाला! आठवडाभर मी वाट बघितली. तुम्ही तोंड उघडलं नाहीत. ते का? तिथल्या लोकांचा आनंद मोडवेना म्हणून, की विचारलं असतं "मास्तर, तुम्ही कित्याक घातलात पाणी?" तर तुमच्याकडेच उत्तर नव्हतं म्हणून?

पुढची तीन वर्षं तशी चांगली गेली. मुंबईला गिरणीत असलेल्या मुलांची पत्रं आयाबाया तुमच्याकडे वाचायला आणायच्या. पहिला आंबा आपल्याकडे यायचा. आई तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी करायला शिकली आणि ज्वारीच्या पोत्याची पिशवी झाली. मान होता, पण तो पाहुण्याचा मान. देवळात गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं, घातलं जायचं तेव्हा सगळ्या वाड्यांची नावं यायची, आपण ज्या घरात राहत होतो त्या घराचंही यायचं, पण ते घरमालकाचं नाव, आपलं नाही. मी ते कान देऊन ऐकायची. तुम्ही देवळात यायचाच नाहीत, म्हणून मला वाटायचं तुम्हाला याचं काही नाही. चुकले होते.

मी अकरा वर्षांची असताना पुन्हा गावपळण लागली. निघायच्या दोन दिवस आधी थोरले मानकरी एकटेच आले. या वेळी तंबाखू मळली नाही. "मास्तर, परवा तिनसांजेच्या आत भायर पडाक होया. खोपीक जागो धरलंय तुमच्या." तुम्ही सवयीने म्हणालात, "पण रजा मंजूर नाही." ते म्हणाले, "देवान मंजूर केल्यान." आणि मग जरा घुटमळून, "गेल्या पाळीक सड्यावरसून तुमच्या घरचो धूर दिसत होतो. अख्ख्या गावात एकच धूर. बायल माणसांच्या घशाखाली घास उतराक नाय."   ते गेल्यावर तुम्ही स्वतः वळकटी बांधायला घेतलीत, दोन दिवस आधी, आणि आईने विचारलं, अहो, आज आणि उद्या झोपायचं कशावर?

ते सड्यावरचे तीन दिवस. तुम्ही फळ्यावर लिहिल्यासारख्या सरळ रेषेत खोपीचे झाप बांधलेत आणि वाऱ्याने ते पहिल्याच दुपारी उडवले. मग सगळ्यांत वात्रट पोराच्या बापाने ते पुन्हा बांधून दिले, वाकडे, पण ते टिकले. आई बायकांबरोबर तीन दगडांच्या चुलीवर बसली होती आणि मोठ्याने हसत होती. तुम्ही भजनाला मागे जाऊन बसलात, टाळ्या बेताने. मी मैत्रिणींशी फुगड्या घालून घालून पायांची सालं काढली. खाली गाव दिसत होतं, कुठूनही धूर नव्हता, आणि तुम्ही एकदा तिकडे बघत मला म्हणालात, "किती छान रिकामं आहे." असं वाक्य तुमच्या तोंडून मी आधी ऐकलं नव्हतं, पुढेही नाही.

शाळा बंद ठेवल्याबद्दल तुम्हाला मेमो आला. तुम्ही कारण लिहिलं होतं, "गाव बाहेर गेल्यामुळे." वरच्या साहेबाने त्याखाली तांबडी रेघ मारली होती आणि तुम्ही तो कागद जपून ठेवलात. पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला, गोवाही सुटला, आणि आई ज्यासाठी इतकी वर्षं देव पाण्यात घालून बसली होती ती बदली आली, थेट आपल्या तालुक्यात. तुम्ही ती रद्द करून घेतलीत. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बरं झालं. तिकडं मासळी न्हाई मिळत." त्यानंतर घाटावर कुणाचंही लग्न असो, बारसं असो, तुम्ही ती गोष्ट सांगायचात. "मानकरी माझ्या दारात आले, गाव सोड म्हणाले. जगात लोकांना गाव ये म्हणतं, मला जा म्हणालं, आणि त्या दिवशी मी त्या गावचा झालो." मग जरा थांबून, चष्मा पुसत, "आणि मी मागितलं नव्हतं हं." प्रत्येक वेळी ते वाक्य. मी पंगतीत वाढत असले तर पळी घेऊन आत निघून जायची. तुम्ही गेलात तेव्हा त्याच गावच्या माणसांनी तुम्हाला खांद्यावरून नेलं, रडले, आणि तेव्हाही कोणीतरी हीच गोष्ट सांगितली.

आता सांगायची गोष्ट. त्या दुसऱ्या गावपळणीला मानकरी आपल्या दारात यायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले होते. शाळेत मुली खोपी कुठे घालायच्या ते ठरवत होत्या, आणि एकीने मला म्हटलं, "तुका काय, तू भायली." मी तशीच दप्तरासकट गेले. ते ओसरीवर सुंभ वळत होते. त्यांनी विचारलं, "बापाशीन धाडल्यान?" मी म्हटलं, "नाय." "मगे कित्याक इलंस?" मी त्यांना सांगितलं की तुळशींना पाणी देवाने घातलं नव्हतं, आबांनी घातलं होतं. त्यांचे हात थांबले.  मग म्हणाले, "आणखी कोणाक सांगलंस?" "नाय." "सांगा नको." आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

मग ते का आले, आबा? धुराचं त्यांनी सांगितलं ते खरंच असणार, ते खोटं बोलणारे नव्हते. पण तीन वर्षं तो धूर त्यांना आठवत होता की माझ्यामुळे आठवला? तुम्हाला आपलं म्हणून बाहेर काढलं, की मागे ठेवलं तर हा मनुष्य पुन्हा चमत्कार करून ठेवील म्हणून? त्यानंतरच्या प्रत्येक गावपळणीला निघताना ते तुम्हाला विचारायचे, "मास्तर, कळशी घेतलात मां?" आणि तुम्ही हसायचात, जरा जास्तच. म्हणजे तुम्हाला कळलं होतं? कळलं असेल तर, कोणी सांगितलं तेही कळलं असेल. मग "मी मागितलं नव्हतं" हे तुम्ही कोणाला ऐकवत होता? मानकरी जिवंत होते तोवर त्यांना विचारता आलं असतं, तुम्हालाही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

पण एवढंच असतं तर मी ते तुम्हाला कधीच सांगितलं असतं, आणि दोघं हसलो असतो. मी वर थोडं गाळून लिहिलं आहे. मानकऱ्यांनी "कित्याक इलंस" विचारल्यावर मी पाण्याचं नाही सांगितलं. मी म्हटलं, "माका तुमच्या खोपीत घेवा." ते म्हणाले, "आणि आवस-बापूस?" मी एका दमात म्हटलं, "ती भायली. ती रवांदेत मागे." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेच्या भीतीने, काहीतरी भरपाई करायची म्हणून, मग मी तुमच्या पाण्याचं सांगून टाकलं. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, वाचून झालं की मी ते चुलीत घालीन, आता चूल नाही तर कशात तरी. त्या गावात तुम्हाला भायले म्हणणारं शेवटचं माणूस मी होते, आबा.